बांधलेलं इंजिन चालू करण्याआधी: ऑइल प्रायमिंग आणि डिस्ट्रिब्युटरचा गिअर कुठला घ्यायचा

तुमचं काय झालंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकीचं समजलो असेन तर लगेच सांगा. शेवरलेचं ३५० स्मॉल ब्लॉक आहे, ब्लॉकचा डेक (ज्यावर हेड बसतो तो सपाट पृष्ठभाग) आणि हेड दोन्ही मशिनवर घासून घेतलेत, जुना फ्लॅट टॅपेट कॅम (ज्यावर लिफ्टर, म्हणजे कॅम उचलतो ते ठोकळे, सपाट तळाने घासतात) काढून हायड्रॉलिक रोलर कॅम (ज्यावर लिफ्टरच्या तळाची चाकं फिरतात) टाकलाय, ऑइल पंप हाय व्हॉल्युमचा आहे आणि इंजिन बांधून काही महिने स्टँडवर तसंच पडलंय. आता चालू करण्याआधी तेल सगळीकडे पोचावं म्हणून (यालाच प्रायमिंग म्हणतात) जुन्या लांब स्क्रूड्रायव्हरचा दांडा कापून ड्रिलला लावला आणि पंप फिरवला तर एका बाजूच्या रॉकरना (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्ट्यांना) तेल आलं, दुसरी बाजू कोरडी ठणठणीत. कोणीतरी म्हणालं की एवढी मगजमारी कशाला, स्पार्क प्लग काढ आणि सेल्फ (स्टार्टर) मार. आणि शेवटचा प्रश्न, डिस्ट्रिब्युटरला ब्राँझचा गिअर घ्यायचा, मेलोनाइझ्ड घ्यायचा की जो लागून आलाय तोच ठेवायचा.

तुम्ही हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारलेत पण माझ्या हिशेबाने प्रश्न एकच आहे. त्या गिअरला आपण डिस्ट्रिब्युटरचा गिअर म्हणतो म्हणून सगळं लक्ष स्पार्क आणि टायमिंगकडे जातं, पण रोटर फिरवायला जोर लागतोच किती, डिस्ट्रिब्युटर हातात घेऊन शाफ्ट फिरवून बघा, दोन बोटांनी फिरतो. खरा लोड खाली आहे. कॅमवरचा गिअर डिस्ट्रिब्युटरचा गिअर फिरवतो आणि त्याच शाफ्टचं खालचं टोक पंपाच्या रॉडमध्ये अडकून ऑइल पंप फिरवतं. म्हणजे तो गिअर मुळात पंपाचा ड्राइव्ह आहे. म्हणून मी कायम आधी पंप ठरवतो, मग कॅम कशाचा बनलाय ते बघतो आणि मग गिअरकडे येतो. उलट्या क्रमाने गेलं की महागातला गिअर घेऊनही दाते झिजतात आणि लोक गिअरच्या कंपनीला शिव्या घालतात.

आधी ती कोरडी बाजू, कारण ते सोडवल्याशिवाय पुढे जाऊच नका. नव्वद टक्के शक्यता तुमच्या दांड्याचीच आहे. स्मॉल ब्लॉक चेव्हीमध्ये डिस्ट्रिब्युटरचं भोक लिफ्टरच्या ऑइल गॅलरीला (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटेला) मधेच छेदून जातं. डिस्ट्रिब्युटर बसलेला असताना त्याच्या बॉडीच्या खालच्या भागातले दोन जाड पट्टे त्या भोकात घट्ट बसतात, आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या खाचेतून तेल वळसा घालून पुढच्या गॅलरीत जातं. म्हणजे डिस्ट्रिब्युटरची बॉडी हाच ऑइल लाइनचा एक तुकडा आहे. नुसता बारीक दांडा टाकला की तो तुकडा गायब, तेल त्या मोठ्या भोकातून सरळ खाली चेंबरमध्ये (ऑइल पॅनमध्ये) गळतं आणि एका बाजूच्या लिफ्टरपर्यंत जोर पोचतच नाही. गेजवर थोडंफार प्रेशर दिसतं त्यामुळे माणूस फसतो.

उपाय साधा आहे. एकतर स्लीव्ह असलेलं प्रायमिंग टूल घ्या, म्हणजे दांड्यावर बॉडीसारखा कॉलर असलेलं, किंवा एखादा भंगारातला जुना डिस्ट्रिब्युटर घेऊन त्याचा गिअर काढून टाका, वरचं सगळं सामान उतरवा आणि शाफ्टला ड्रिल लावा. मला दुसरी पद्धत जास्त आवडते, कारण बॉडी ओरिजिनल असल्याने पट्टे बरोबर जागेवर येतात. काही स्वस्त टूल्समध्ये कॉलर इतका ढिला असतो की असून नसल्यासारखा.

टूल नीट असूनही एखाद दुसरा रॉकर कोरडा राहिला तर घाबरू नका. लिफ्टरची भोकं गॅलरीसमोर कुठल्या उंचीवर आहेत ते कॅमच्या पोझिशनवर ठरतं, त्यामुळे एकाच जागी क्रँक ठेवून कितीही वेळ ड्रिल चालवलं तरी काही रॉकरना तेल येणारच नाही. एकाने ड्रिल धरायचं, दुसऱ्याने प्लग काढून ठेवून क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या डॅम्परच्या बोल्टवर लांब पाना लावून क्रँक पाव फेरी फिरवायचा, थांबायचं, रॉकर बघायचे, परत पाव फेरी, असे क्रँकचे दोन पूर्ण फेरे, कारण तेवढ्यात कॅमचा एक फेरा होतो. सोळाच्या सोळा रॉकरवर तेल दिसलं की काम झालं. वेळ किती लागेल ते तेल किती जाड आणि किती गार आहे त्यावर आहे, पण मिनिटभरात उरकेल अशी अपेक्षा ठेवू नका.

ड्रिलबद्दल दोन शब्द. चेव्हीला वरून बघताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचं. फोर्डचं ३०२ किंवा ३५१ विंडसर असतं तर उलट, आणि तिथे पंपाचा रॉड षटकोनी असतो, ३०२ ला पाव इंची आणि ३५१ ला ५/१६ इंची, त्यावर सॉकेट लावून फिरवतात (सॉकेट एक्स्टेंशनला टेपने गुंडाळून घ्या नाहीतर ते चेंबरमध्ये पडेल आणि मग सगळं परत खोलत बसा). उलट्या दिशेने फिरवलं तर पंप तेल ओढतच नाही, आणि तुम्ही पंप खराब म्हणून चेंबर उतरवायला घेता. छोटं बॅटरीवालं ड्रिल नको, अर्ध्या इंचाच्या चकचं दणकट ड्रिल घ्या, स्पीड कमी चालेल पण ताकद हवी. सुरुवातीला ड्रिल मोकळं फिरतं, आणि मग अचानक आवाज जड होतो, मनगटाला झटका बसतो, मशिन हातातून वळायला बघतं. तो क्षण म्हणजे पंपाने तेल पकडलं. दोन्ही हातांनी धरा, मनगट मुरगळलेले लोक बघितलेत. तो जडपणा आलाच नाही आणि ड्रिल तसंच भिरभिरत राहिलं तर थांबा, पिकअप ट्यूबच्या जोडातून हवा ओढतेय किंवा पंप पूर्ण कोरडा आहे.

कोरड्या पंपासाठी पंप बसवतानाच त्याच्या गिअरमध्ये पेट्रोलियम जेली भरायची पद्धत आहे आणि ती चांगली आहे, जेली गरम तेलात विरघळून जाते. चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस मात्र कधीही भरू नका, ते विरघळत नाही, फिल्टरमध्ये जाऊन बसतं.

बाकी तयारी म्हणजे चेंबरमध्ये ब्रेक इन ऑइल पूर्ण लेव्हलपर्यंत, फिल्टर आधीच तेलाने भरून लावलेला, आणि डॅशबोर्डवरच्या गेजच्या भरवशावर न राहता ब्लॉकवर मेकॅनिकल गेज. गार तेलावर चांगल्या ड्रिलने ४० ते ६० पीएसआय सहज दिसायला हवं. त्याच्या खूप खाली अडकलं असेल तर एखादा गॅलरी प्लग राहिलाय का बघा, विशेषतः पुढे टायमिंग चेनच्या मागे असतात ते, गरम टाकीत ब्लॉक धुताना काढतात आणि बसवायचे विसरतात. अजून एक छुपा प्लग मागच्या मेन कॅपच्या खाली असतो, तो तेलाला फिल्टरकडे वळवतो. तो राहिला तर प्रेशर छान दिसतं पण तेल फिल्टरमधून जातच नाही, म्हणून तो प्रायमिंगमध्ये कळत नाही, ज्याने इंजिन बांधलं त्यालाच विचारावं लागतं.

आता सेल्फ मारण्याचं. ते पूर्ण चूक आहे असं मी म्हणणार नाही, इंजिनवर अवलंबून आहे. जीएमच्या (शेवरलेची मूळ कंपनी) नंतरच्या एलएस सिरीजच्या इंजिनांत पंप थेट क्रँकच्या नाकावर बसतो, डिस्ट्रिब्युटरच नसतो, तिथे ड्रिल लावायला जागाच नाही, मग प्रेशर टाकीने बाहेरून तेल ढकलतात किंवा प्लग काढून सेल्फ मारतात. पण तुमच्याकडे क्रँक न फिरवता पंप फिरवायची सोय आहे, तर बेअरिंगमध्ये तेल पोचण्याआधी क्रँक फिरवायचा कशाला? महिनोन्महिने उभ्या इंजिनात असेंब्ली ल्युब (बांधताना लावलेलं वंगण) बऱ्यापैकी ओघळून गेलेलं असतं. तुमच्या जागी फ्लॅट टॅपेट कॅम असता तर मी सेल्फला साफ नाही म्हटलं असतं, कारण कॅमच्या लोबला (उंचवट्यांना) तेल मुख्यतः क्रँकवरून उडून मिळतं, गॅलरीतून नाही, सेल्फच्या हळू स्पीडला ते उडत नाही आणि लोबवर लावलेली मॉली पेस्ट मात्र पुसून निघते. म्हणूनच फ्लॅट टॅपेटवाल्यांना चालू केल्या केल्या आयडलवर न ठेवता २००० ते २५०० आरपीएमवर २० ते ३० मिनिटं चालवायला सांगतात. तुमच्या रोलर कॅमला ती कसरत नाही.

आणि हो, आज प्राइम केलं आणि इंजिन महिन्याभराने चालू करणार असाल तर त्याचा उपयोग नाही. चालू करायच्या दिवशी परत करा.

आता पंप. हाय व्हॉल्युम पंपात गिअर लांब असतात, प्रत्येक फेऱ्याला जास्त तेल ढकलतात, आणि ते ढकलायला लागणारा जोर त्याच बिचाऱ्या डिस्ट्रिब्युटर गिअरच्या दातांवरून जातो. सगळ्यात वाईट वेळ थंडीतल्या पहिल्या स्टार्टची, तेल २०डब्ल्यू५० सारखं जाड, पंप मोठा, आणि ड्रायव्हर लगेच रेस देतो. बेअरिंगचे क्लिअरन्स (फटी) मुद्दाम मोठे ठेवलेलं रेसिंगचं इंजिन असेल, किंवा बाहेर मोठा ऑइल कूलर आणि लांब लाइन्स असतील तर हाय व्हॉल्युमला अर्थ आहे. रस्त्यावर चालणाऱ्या, नॉर्मल क्लिअरन्सच्या ३५० ला चांगला स्टँडर्ड पंप पुरतो, दर १००० आरपीएमला १० पीएसआय हा जुना हिशेब त्यात आरामात बसतो. तुमचे क्लिअरन्स किती ते तुम्ही लिहिलं नाहीये. नॉर्मल असतील तर मी चेंबर उतरवून पंप बदलेन, पटत नसेल तर राहू द्या पण तेल पातळ वापरा. पंपाचा रॉड मात्र स्टीलच्या कॉलरचा आहे ना ते बघा, ओरिजिनलला प्लॅस्टिकचा कॉलर असतो, तो म्हातारा झाला की तडकतो.

गिअरकडे येतो. लोक म्हणतात रोलर कॅम आहे म्हणजे ब्राँझ गिअर. हे अर्धवट आहे. रोलर की फ्लॅट याने काही ठरत नाही, कॅमवरचा गिअर कुठल्या धातूचा आहे त्याने ठरतं. फ्लॅट टॅपेट कॅम साधारण कास्ट आयर्नचे असतात, त्यांना कास्ट आयर्नचा गिअर, जो बहुतेक डिस्ट्रिब्युटरना लागून येतो, तो बरोबर. रोलर कॅममध्ये मात्र भानगड आहे. काही पूर्ण बिलेट (अखंड ठोकळ्यातून कापलेल्या) स्टीलचे असतात, काही खास प्रक्रिया केलेल्या डक्टाइल आयर्नचे असतात, आणि काही बिलेट कॅमवर मागे कास्ट आयर्नचा गिअर वेगळा बनवून दाबून बसवलेला असतो, मुद्दाम, म्हणजे साधा गिअर चालावा. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. लोहचुंबक लावून काही कळणार नाही, तिन्हीला चिकटतो. कॅम कार्ड (कॅमसोबत येणारं माहितीचं कार्ड) काढा किंवा पार्ट नंबर टाकून कॅमच्या कंपनीने कुठला गिअर सांगितलाय तो बघा, त्यांचं म्हणणं माझ्या म्हणण्याच्या वर.

पूर्ण स्टीलच्या कॅमवर साधा कास्ट आयर्नचा गिअर लावला तर तो खाल्ला जातो आणि तेही लवकर, दात चाकूच्या पात्यासारखे धारदार होतात, टायमिंग मागे सरकत जातं, आणि एक दिवस दात गेले की स्पार्क आणि ऑइल पंप दोन्ही एकदम बंद. स्पार्क गेल्याने इंजिन लगेच थांबतं हे त्यातल्या त्यात नशीब.

मेलोनाइझ्ड म्हणजे गिअरच्या पृष्ठभागावर मिठाच्या द्रवात नायट्राइडिंग केलेलं असतं, वरची कातडी कडक होते. जीएमने आपल्या फॅक्टरी रोलर कॅमच्या इंजिनांत हाच प्रकार वापरला. रस्त्यावरच्या गाडीत, हायड्रॉलिक रोलर असेल आणि कॅमवाल्याची परवानगी असेल, तर माझी पहिली पसंती हीच. लावला आणि विसरलात तरी चालतं, बाकी कशाबद्दल मी असं म्हणणार नाही.

ब्राँझ मऊ असतो आणि तो झिजण्यासाठीच लावतात, कॅम वाचावा आणि गिअर जावा हा सौदा आहे. रेसिंगमध्ये इंजिन वरचेवर उघडतं, त्यामुळे तिथे ठीक. रस्त्यावर मला तो आवडत नाही आणि कारण फक्त झीज नाही. ब्राँझचा तो बारीक कीस आधी चेंबरमध्ये पडतो, तिथून पिकअपमधून पंपात, आणि पंपाच्या पुढे मग फिल्टर. म्हणजे बेअरिंग वाचतात, पण पंप तो कीस रोज चावत बसतो. हाय व्हॉल्युम पंप आणि ब्राँझ गिअर ही जोडी तर मी शक्यतो लावतच नाही.

कॉम्पोझिट म्हणजे पॉलिमरचे गिअर महाग असतात पण कुठल्याही धातूच्या कॅमवर चालतात. कॅम सेकंडहँड आहे, कार्ड नाही, नंबर पुसलाय अशा वेळी डोकेफोड करण्यापेक्षा मी तो घेईन. बसवताना पिन ठोकताना खाली नीट आधार द्यायचा, आडवातिडवा हातोडा नाही.

फोर्डवाले वाचत असतील तर त्यांच्या १९८५ नंतरच्या ५.० लिटर इंजिनमधल्या फॅक्टरी रोलर कॅमला स्टीलचा गिअर लागतो, चेव्हीचे नियम तिकडे जसेच्या तसे नेऊ नका.

गिअर मागवताना शाफ्ट मोजा. जीएमच्या डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट ०.४९१ इंच असतो आणि बाहेरच्या कंपन्यांचे, एमएसडी वगैरे, बऱ्याचदा ०.५०० इंच. फरक डोळ्याला दिसत नाही, व्हर्नियर लावा. पिन नवीनच टाका.

बसवताना एक छोटी गोष्ट जी भरपूर लोकांना माहीत नसते. या गिअरला १३ दात आहेत, विषम संख्या, त्यामुळे गिअर शाफ्टवर अर्धा फेरा उलटा बसवला तरी पिनची भोकं जुळतात पण दात अर्ध्या दाताने सरकतात. एक दात म्हणजे सुमारे २७.७ अंश, अर्धा म्हणजे जवळजवळ १४, आणि क्रँकवर त्याचे दुप्पट, २८ अंश. इंजिन तरीही चालू होतं कारण बॉडी फिरवून टायमिंग जुळवता येतं, पण मग डिस्ट्रिब्युटरला लागलेला व्हॅक्यूमचा डबा (टायमिंग पुढे नेणारा) कुठेतरी अडतो आणि माणूस दात मागे पुढे करत बसतो, एक दात इकडे जास्त, एक तिकडे कमी. गिअरवर एक खोलगट टिंब असतं ते रोटरच्या टोकाच्या बाजूला ठेवायचं, संपलं.

आता तुमच्यासाठी खास, कारण तुम्ही डेक आणि हेड घासलेत. चेव्हीत डिस्ट्रिब्युटर इनटेक मॅनिफोल्डवर बसतो, आणि हेड खाली आले की मॅनिफोल्ड खाली, मॅनिफोल्ड खाली की डिस्ट्रिब्युटर खाली. मग शाफ्टचं टोक पंपाच्या रॉडवर टेकतं आणि सगळा दाब पंपात. असे गिअर कुठल्याही धातूचे असोत, जातात. तपासायची पद्धत अशी: डिस्ट्रिब्युटर बाहेर असताना शाफ्ट वर खाली ओढून किती प्ले आहे तो हाताला लक्षात ठेवा, मग गॅस्केटसकट बसवून क्लॅम्प आवळा आणि रोटर धरून परत वर खाली करा. बाहेर होता तो प्ले आत गायब झाला असेल तर टेकतोय. खाली शिम (पातळ चकती) द्या, किंवा उंची बदलता येणाऱ्या कॉलरचा डिस्ट्रिब्युटर घ्या. आणि बसवताना फ्लँज वरच राहिला तर क्लॅम्पच्या बोल्टने खाली ओढू नका, याचा अर्थ रॉडचा खाचा जुळलेला नाही, लांब स्क्रूड्रायव्हरने रॉड थोडा फिरवून परत टाका. प्रायमिंगनंतर तो खाचा कुठेही थांबलेला असतो, त्यामुळे हे होणारच.

अजून एक, तुमचा कॅम रेट्रोफिट रोलर (मूळ फ्लॅट टॅपेटच्या ब्लॉकमध्ये नंतर बसवलेला) आहे तर पुढे कॅम बटण, म्हणजे कॅमला पुढे सरकू न देणारा तुकडा, बसवलंय का? फ्लॅट टॅपेटच्या लोबला किंचित उतार असतो, तो कॅमला मागे ब्लॉककडे ढकलून ठेवतो. रोलरच्या लोबला तो उतार नाही, त्यामुळे जुन्या ब्लॉकमध्ये कॅम पुढे मागे सरकतो, आणि दात तिरके असल्याने कॅम सरकला की डिस्ट्रिब्युटर फिरतो. टायमिंग लाइट लावल्यावर खूण नाचताना दिसते आणि लोक डिस्ट्रिब्युटर बदलतात. १९८७ नंतरच्या फॅक्टरी रोलर ब्लॉकमध्ये थ्रस्ट प्लेट असते, तिथे हा त्रास नाही.

गिअरवर बसवताना मॉली पेस्ट चांगली चोळा, दोन्ही गिअरवर. रोलर लिफ्टर असले तरी हे दात एकमेकांवर घासतच फिरतात, त्यामुळे झिंकवालं तेल इथेही कामाचं. काही जण डिस्ट्रिब्युटर बॉडीच्या खालच्या पट्ट्यात साधारण ०.०३० इंचाची बारीक खाच पाडतात, म्हणजे प्रेशरचं तेल थेट गिअरवर उडत राहतं. पंप बदलायचा नसेल तर मी ही खाच नक्की पाडेन.

म्हणजे तुमच्या केसमध्ये क्रम असा: क्लिअरन्स बघून पंपाचा निर्णय, कॅम कार्डवरून गिअर, डिस्ट्रिब्युटरचा वर खाली प्ले, मग स्लीव्हवाल्या टूलने क्रँक फिरवत प्रायमिंग, आणि त्याच दिवशी स्टार्ट. इंजिन थोडं चालल्यावर डिस्ट्रिब्युटर बाहेर काढून दात बघा. दाताच्या मधोमध चमकणारा पट्टा असेल तर छान, कडेला चमकत असेल तर उंची चुकलीय. फिल्टरही कापून त्याच्या कागदाच्या घड्या उघडून उन्हात धरा, काय लुकलुकतंय ते दिसेल. क्लिअरन्सचे आकडे आणि कॅमचा पार्ट नंबर मिळाला की टाका, गिअर कुठला ते मग नक्की सांगता येईल.